आर्टिचोक काळा पडला म्हणून फेकू नका

आर्टिचोक म्हणजे भाजी म्हणून खाल्ली जाणारी एक मोठी फुलकळी. ‘कापल्यावर काळा पडणारा आर्टिचोक रसायन मारलेला असतो, आतले केसही विषारी’ असा मेसेज कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. काल मी एकच आर्टिचोक उभा चिरला. एका फोडीला लिंबू चोळलं, ती फिकट हिरवीच राहिली. दुसरी थोड्या वेळात तपकिरी. चिरलेलं वांगं, केळफूल हवेने काळं पडतं, तेच हे. म्हणून तर केळफूल आपण ताकात टाकतो आणि रोममध्ये आर्टिचोक सोलताना शेजारी लिंबूपाणी ठेवतात. केस विषारी नाहीत, पण घशाला टोचतात, अडकतात. चमच्याने खरवडून काढा, मुलांना देताना तर नक्कीच. त्याखालचा मऊ गर मात्र टाकू नका, खरी चव तिथेच असते. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.