स्पीकर बदलायचेत? ‘वॉट बघा, मोठा वूफर बघा’ हा सल्ला खिशाला महाग पडतो

एक संदेश सध्या फिरतोय. माझ्याकडे तो तिघांकडून आला आणि तिघांनाही जुन्या हाय-फाय सेटचे स्पीकर बदलायचे होते, तेही मोजक्या पैशांत. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: स्पीकर फरफरायला लागला की तो संपला, दुरुस्तीच्या नादी लागू नका. नवे घेताना ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त वॉटचेच घ्या, नाहीतर जळतील. वूफर, म्हणजे जाड सूर वाजवणारा भाग, जितका मोठा तितका बास चांगला. वापरलेले स्पीकर म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेणं. आणि वायरवर हात आखडता घेऊ नका. हे सगळं ऐकलं तर पैसेही जातील आणि मनासारखा आवाजही मिळणार नाही, म्हणून हे लिहितोय.

‘फरफरला म्हणजे संपला.’ पुष्कळदा संपलेली असते ती फक्त कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेची फोमची रिंग. माझ्या जोडीचं नेमकं हेच झालं होतं. पुढची जाळी काढून कडेला बोट लावलं तर फोम भिजलेल्या बिस्किटासारखा सुटून आला आणि बोटाला काळा, चिकट लगदा लागला. कोनला मात्र साधी चीरही नव्हती, ट्वीटर (बारीक सूर वाजवणारा छोटा भाग) व्यवस्थित वाजत होता. असा फोम साधारण 15-20 वर्षांत विरतो, दमट हवेत त्याआधीही. रबरी किंवा कापडी कड असेल तर ती कितीतरी जास्त टिकते. फोमच्या नव्या रिंगा मापाप्रमाणे मिळतात. जुना फोम आणि गोंद खरवडून काढायचा, कोन बरोबर मध्यावर ठेवून नवी रिंग चिकटवायची आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. काम अवघड नाही, पण घाईचंही नाही. माझी एक दुपार गेली आणि ती जोडी आजही वाजतेय.

त्याहीआधी एक बिनखर्चाची तपासणी करा. सेट बंद करून ॲम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर दोष ॲम्प्लिफायरचा किंवा त्याच्याही मागचा आहे. तिथेच राहिली तरच स्पीकरवर किंवा त्याच्या वायरवर संशय घ्या. ही दोन मिनिटं न दिल्यामुळे चांगले स्पीकर भंगारात गेलेले मी पाहिलेत.

‘ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त वॉटचे घ्या.’ या एका वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. स्पीकरवर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती ताकद सोसू शकतो याचा आकडा. तो किती मोठ्याने वाजेल किंवा किती चांगला वाजेल, हे त्यातून कळत नाही. मोठ्याने वाजण्याशी संबंध असतो सेन्सिटिव्हिटीचा: 2.83 व्होल्ट दिल्यावर 1 मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा. इथे दर 3 डेसिबलला ताकद दुप्पट लागते. म्हणजे 90 डेसिबलचा स्पीकर 40 वॉटवर जेवढा वाजेल, तेवढाच आवाज 84 डेसिबलच्या स्पीकरमधून काढायला 160 वॉट हवेत. जास्त वॉटचे म्हणून 84 डेसिबलचे स्पीकर आणले की पुढे ॲम्प्लिफायरही बदलायची वेळ येते. बजेट तिथेच कोलमडतं.

जळण्याची भीती खरी आहे, पण तिचं कारण उलटं सांगितलं जातं. घरी नेहमीच्या आवाजात ऐकताना सरासरी एखादा वॉटच खर्च होतो. लहान ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर पिळला की आवाजाच्या लाटांचे माथे कापले जातात आणि अशा वेळी आधी बळी जातो तो ट्वीटरचा. आवाज फाटतोय असं वाटलं की व्हॉल्यूम खाली आणायचा, एवढंच पथ्य. 1978 साली आलेला एनएडी 3020 हा ॲम्प्लिफायर कागदावर फक्त 20 वॉटचा होता आणि बेताच्या बजेटमध्ये संगीत ऐकणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला.

आकडे वाचताना दोन ठिकाणी सावध राहा. स्पीकरचा विजेला होणारा रोध ओहममध्ये मोजतात. 2.83 व्होल्ट म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला 1 वॉट, पण 4 ओहमच्याला 2 वॉट. त्यामुळे 4 ओहमचा स्पीकर कागदावर 3 डेसिबलने उजवा दिसतो. शिवाय तुमचा ॲम्प्लिफायर 4 ओहम झेपवतो का, हे त्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. आणि ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा जाहिरातीतला दावा) असा भलाथोरला आकडा छापलेला दिसला तर तो सरळ सोडून द्या.

‘मोठा वूफर, मोठा बास.’ खोल बास, लहान पेटी आणि जास्त सेन्सिटिव्हिटी ही तिन्ही एकदम मिळत नाहीत, एकावर पाणी सोडावंच लागतं. स्वस्तातल्या मोठ्या स्पीकरमध्ये पैसे लाकडात आणि आकारात जातात, क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, काटकसर होते. पेटीवर बोटांनी ठोकून बघा, पोकळ डब्यासारखी घुमली तर बासही तसाच घुमणार. बीबीसीने 1970च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए हा छोटा स्पीकर तयार केला. त्याचा वूफर जेमतेम 5 इंची होता, तरी माणसाच्या आवाजासाठी लोक अजून त्याचं नाव घेतात. त्याच पैशांत माझी पसंती 5 ते 6.5 इंची वूफरच्या नेटक्या जोडीलाच राहील. बास कमी वाटला तर स्पीकर भिंतीकडे थोडे सरकवा, तो वाढतो. घुमायला लागला तर पुढे ओढा.

डोळे आपल्याला किती फसवतात, हे फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 साली दाखवून दिलं. ऐकणाऱ्यांना स्पीकर दिसत होते तेव्हाचे गुण आणि पडद्याआड तेच स्पीकर वाजवले तेव्हाचे गुण वेगळे आले. म्हणून दोन जोड्या ताडून बघताना डोळे मिटा आणि दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर नेहमीच बरा वाटतो.

‘वापरलेले नको.’ हातात पैसे कमी असतील तर मी आधी वापरलेलेच बघेन. बोटं कोनच्या मध्याभोवती सारख्या अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) अडकतेय, ती जोडी नको. मल्टिमीटरवर 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ओहम दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर आत काहीतरी तुटलंय. मग पुठ्ठ्याची नळी कानाला लावून, आवाज हळू ठेवून, दोन्ही ट्वीटर एकेक करून ऐका. एक मंद असेल तर ट्वीटर तरी गेलाय किंवा क्रॉसओव्हरचा कपॅसिटर तरी सुकलाय. कपॅसिटर बदलता येतो, पण ते किमतीत धरा. शेवटी सेट मोनोवर (दोन्हीकडे एकच आवाज) ठेवून एकट्या गायकाचा आवाज लावा. तो दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा.

वायरचं गणित तर सोपं आहे. साधी तांब्याची 1.5 चौरस मिलिमीटरची वायर 5 मीटर ओढली तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे 0.12 ओहम होतो. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो 0.13 डेसिबल एवढाच फरक, कानाला कळणारही नाही असा. लाल टोक लाललाच जोडलंय ना ते मात्र दोन्हीकडे बघा, कारण एक उलटं लागलं की बास गायब होतो. वायरसाठी बाजूला ठेवलेले पैसे स्टँडला लावा. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला आला पाहिजे.