पुंगळी कपाळावर आली की दोष मनगटाचाच?

"पिस्तुलाला काही झालेलं नसतं. रिकामी पुंगळी, म्हणजे झाडलेल्या गोळीचं पितळी कवच, तोंडावर येते किंवा स्लाइडमध्ये अडकते, म्हणजे तुमचं मनगट ढिलं. तरी जमेना तर कडक स्प्रिंग टाका, भरपूर तेल सोडा, पाचशे गोळ्या झाडा, आपोआप सुटेल." ग्लॉक १९ सारखं आटोपशीर ९ मिमी पिस्तूल कमरेला लावणाऱ्याला अमेरिकेतल्या रेंजवर हा सल्ला हमखास मिळतो. नवखा माणूस मग मुकाट्याने मूठ आवळत बसतो. यातला थोडा भाग खरा आहे, म्हणून बाकीचं खपून जातं.

तर आधी मनगट. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे धावते. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा पुंगळीची कड धरून तिला चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या खोबणीतून, ओढतो. मागे येताना पुंगळीच्या बुडाची डावी बाजू फ्रेममध्ये पक्क्या बसवलेल्या इजेक्टरवर आदळते आणि ती उजवीकडच्या खिडकीतून भिरकावली जाते. फ्रेम जागेवर राहिली तरच हे नीट घडतं. हात सैल पडला की फ्रेमही स्लाइडबरोबर मागे सरकते, स्लाइडला पुरती धाव मिळत नाही आणि पुंगळी खिडकीत उभी अडकते. हाच तो स्टोव्हपाइप. अंगठा स्लाइडला घासत असेल तर आणखी भर. इथवर कबूल.

पण "नेहमी मनगटच"? ग्लॉकची चौथी पिढी २०१० मध्ये आली आणि १९ वापरणाऱ्या अनुभवी नेमबाजांच्याही कपाळावर पुंगळ्या येऊ लागल्या. २०११ मध्ये कंपनीने स्वतःहून रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी) बदलून द्यायला घेतल्या. ३३६ क्रमांकाच्या इजेक्टरची जागाही ३०२७४ ने घेतली. मनगटंच ढिली होती, तर सुटे भाग कशाला बदलले? शंका असेल तर तेच पिस्तूल, त्याच डब्यातल्या गोळ्या, हात बसलेल्या एखाद्याला द्या. त्याच्याही कपाळावर आली तर मनगटाचा विषय संपला.

कडक स्प्रिंगचा सल्ला तर सरळ उलटा आहे. स्प्रिंग जितकी कडक, तितकी स्लाइड मागे यायला आळशी आणि पुंगळी तितकी मरगळलेली. सरावाच्या स्वस्त ११५ ग्रेन (हे गोळीच्या टोकाचं वजन) गोळ्यांत जोर कमी असला तर हे लगेच दिसतं. नाटो दर्जाच्या जोरकस १२४ ग्रेन गोळ्यांनी दुखणं पळालं, तर निदान अर्धं झालं. म्हणून सुटा भाग मागवण्याआधी गोळ्यांचा डबा बदलून बघावा.

तेलाबद्दल थोडक्यात: गोळीच्या बुडावर आदळणाऱ्या फायरिंग पिनची वाट कोरडीच ठेवायची असते. तिथे आणि एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली तेल गेलं की दारूची काजळी आणि पितळेचा चुरा त्यात कालवून चिखल होतो.

खरा संशयित बहुधा हा आकडाच, आणि त्याच्याकडे सगळ्यात शेवटी बघितलं जातं. चाचणी सोपी आहे, अर्थात रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून. एक गोळी चेंबरमध्ये घ्या, मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढा आणि झाडा. असं पाच-सहा वेळा. मॅगझिन आत असताना त्यातली वरची गोळी पुंगळीला खालून टेकू देते, त्यामुळे लुळा आकडाही निभावून नेतो. टेकू काढल्यावरही पुंगळ्या उजवीकडे एकाच पट्ट्यात पडल्या, तर आकडा ठीक. मॅगझिनच्या रिकाम्या जागेतून पुंगळी खाली घरंगळली, तर आकड्याची झिजलेली कड, त्यामागची स्प्रिंग नाहीतर खाली साचलेला कचरा, यांपैकी काहीतरी आहे. मॅगझिन काढल्यावर झडतच नाहीत अशी पिस्तुलंही असतात. ग्लॉक तसं नाही. भारतात ९ मिमी प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) असल्याने परवानाधारकाकडे बहुतेक .३२ बोअरचं पिस्तूल असतं. त्या बोअरच्या बऱ्याचशा पिस्तुलांत दाबच पुंगळीला मागे ढकलतो, तेव्हा तिथे ही चाचणी जशीच्या तशी लावू नये.

राहिल्या पाचशे गोळ्या. नवी स्प्रिंग थोडी रुळते, हे खरं. पण टवका उडालेला आकडा गोळ्या झाडून भरून येत नाही, आणि जिवाच्या रक्षणासाठी बाळगलेलं हत्यार तोवर भरवशाचं नाही, हे सल्ला देणारा सांगत नाही. काही बहाद्दर तर पक्कड घेऊन इजेक्टरच वाकवतात. तो ट्रिगरच्या हाउसिंगसकट नवा मिळतो, पिना काढल्या की बदलता येतो. त्याआधी मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, आणि चेंबर डोळ्यांनी बघून वर बोट घालूनही चाचपायचं.