टँक काढूनही हमिंग राहिलं, म्हणून टँक निर्दोष सुटला असं नाही

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मा उतरला, कारण तुमचं निम्मं बरोबर आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तक्रार थोडक्यात सांगतो. घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये रिव्हर्बचं (आवाज घुमवणारं) बटण वर नेलं की हमिंग, म्हणजे सततची गुणगुण, येतं. त्यावर माझ्या लेखात मी 'टँक (रिव्हर्बच्या स्प्रिंग असलेला पत्र्याचा डबा) फिरवून बघा' असं लिहिलं होतं. तुम्ही अख्खा रविवार टँक फिरवत बसलात, फरक शून्य. फिल्टर कपॅसिटर बदलून १०० मायक्रोफॅरडचे टाकलेत, तरी तेच. मग टँकच्या दोन्ही केबली उपटल्या, तर हमिंग उलट वाढलं. म्हणजे टँकचा काही संबंधच नाही, लेख चूक. शेवटी प्लगमधली अर्थिंगची पिन काढलीत, आवाज बराच उतरला, आणि 'एवढा साधा उपाय यांना सुचला नाही' असा टोला हाणलात.

शेवटापासूनच सुरू करतो, कारण तेवढंच तातडीचं आहे. ती जाड लांब पिन आज, हे वाचून झाल्यावर, परत लावा. चेसिस (ॲम्प्लिफायरचा धातूचा सांगाडा), इनपुट जॅकचं बाहेरचं कडं, गिटारचा ब्रिज आणि तारा, हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. मेन ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचं इन्सुलेशन उद्या गेलं, तर २३० व्होल्ट थेट तारांवर येतील. अर्थिंग असेल तर फ्यूज उडेल. नसेल तर ते काम तुमच्या अंगावर, आणि पावसाळ्यात ओलसर फरशीवर अनवाणी उभं राहून वाजवणारे आपल्यात कमी नाहीत.

आता पिन काढल्यावर आवाज का उतरला? तुम्ही जाता जाता लिहिलंय की त्या वेळी लाइन आउट लॅपटॉपला जोडलेलं होतं. लॅपटॉपच्या चार्जरचं अर्थिंग एकीकडून, ॲम्प्लिफायरचं दुसरीकडून, आणि मध्ये तुमच्या केबलची शिल्ड (तारेभोवतीचं जाळीचं वेष्टण). ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांचं बंद वर्तुळ, पुरा झाला. रिव्हर्बच्या हमिंगशी याचं नातं नाही, हे दुसरंच भूत आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, तेवढ्यानेच शांत झालं तर खात्री पटेल. मग दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. तरीही राहिलं तर ऑडिओच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. लूप सिग्नलच्या बाजूने तोडायचा असतो, मेनच्या बाजूने कधीच नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा. केबली काढल्या, हमिंग वाढलं, म्हणून टँक निर्दोष. ऐकायला पटतं, पण यात एक मेख आहे. फेंडर कंपनीच्या ॲम्प्लिफायरमधल्या एबी७६३ पद्धतीच्या सर्किटात (तुम्ही तेच बांधलंय असं धरतो) टँकचं आउटपुट १२एएक्स७ या व्हॉल्व्हच्या अर्ध्या भागाच्या ग्रिडवर (सिग्नल जिथे शिरतो त्या टोकावर) जातं. त्या ग्रिडपासून ग्राउंडला २२० किलोओमचा रेझिस्टर आहे. टँक जोडलेला असतो तेव्हा त्याची आउटपुट कॉइल या रेझिस्टरला समांतर येते, आणि तिचा डीसी रोध असतो साधारण २०० ओम. म्हणजे केबल उपटली की तो ग्रिड आधीच्यापेक्षा हजारपट उघडा पडला. हिटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) वायरी, ट्यूबलाइट, तुमचा स्वतःचा हात, जे असेल ते पकडणार. हमिंग वाढणारच! त्यावरून टँकबद्दल काहीही कळत नाही.

यासाठी शॉर्टिंग प्लग लागतो. जुन्या टीव्हीच्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या केबलीतला एक आरसीए प्लग कापून घ्या, टोपी उघडा, मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये तारेचा बारकासा तुकडा सोल्डर करा. झालं. माझा गेली काही वर्षं पेचकसांच्या डब्यात पडलेला असतो, आणि त्या डब्यातली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आहे. गिटार काढलेली, व्हॉल्यूम शून्यावर, रिव्हर्ब अर्ध्यावर. टँककडून परत येणारी केबल चेसिसवरून काढून तिच्या जागी हा प्लग घाला. हमिंग राहिलं तर दोष चेसिसच्या आत आहे: तो १२एएक्स७ बदलून बघा, हिटरच्या वायरी नीट पिळलेल्या आहेत का बघा, त्या टप्प्याचं ग्राउंड कुठे नेलंय ते बघा. हमिंग गेलं तर दोष केबलीत, टँकमध्ये किंवा टँकच्या जागेत. हे आधी, फिरवाफिरवी नंतर. मी लेखात हा क्रम उलटा लिहिला, आणि तुमचा रविवार त्यातच गेला. ती चूक माझी, लेखात दुरुस्ती करतोय.

उलटा का लिहिला, तेही सांगतो. माझ्या स्वतःच्या ॲम्प्लिफायरला पहिल्या झटक्यात फिरवण्याचा गुण आला होता. मेन ट्रान्सफॉर्मर बुधवार पेठेत गुंडाळून घेतलेला, चांगला दणकट, आणि आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र सांडणारा. टँक खोक्याच्या तळाशी, त्याची आउटपुट कॉइल नेमकी ट्रान्सफॉर्मरच्या खाली. लांब केबली लावून टँक हातात धरला आणि सावकाश फिरवत गेलो, तर एका कोनात आवाज जवळजवळ नाहीसा व्हायचा आणि थोडं पुढे गेलं की परत यायचा. टँक उलटसुलट करून बसवला, निभावलं. पण थोडं हमिंग उरलंच. ते का, हे कळायला आणखी महिना गेला. टँकवरचा नंबर हवा होता ४एबी३सी१बी, विकणाऱ्याने दिला होता ४एबी३ए१बी. मधलं ते अक्षर म्हणजे कनेक्टरचं ग्राउंड: 'सी'मध्ये फक्त आउटपुटचं कडं टँकच्या पत्र्याला जोडलेलं असतं, 'ए'मध्ये दोन्ही. दोन केबलींच्या शिल्ड आणि पत्रा मिळून टँकमध्येच लूप झाला होता. इनपुटच्या सॉकेटचे रिव्हेट ड्रिलने काढले, प्लास्टिकचं सॉकेट बसवलं, मग कुठे शांतता. तुमचाही मल्टिमीटरने तपासा: टँकच्या पत्र्यापासून इनपुटच्या कड्याला कंटिन्युइटी यायला नको.

कपॅसिटरचं म्हणाल तर ते वाया का गेले हे तुमच्या गिटारवरच कळेल. जाड ई तारेवर तिसरा पडदा दाबा, तो स्वर जवळपास ९८ हर्ट्झ असतो. हमिंग त्याच्याशी जुळत असेल तर ते १०० हर्ट्झचं, म्हणजे रेक्टिफायरनंतरचं (एसीचं डीसी झाल्यानंतरचं), फिल्टर किंवा ग्राउंडच्या वायरिंगमधलं. त्याच्याही खाली एक सप्तक असेल तर ५० हर्ट्झ, ते ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र किंवा हिटर, तिथे कितीही कपॅसिटर घाला, ढिम्म. आणि तुमच्याकडे रिव्हर्बचं बटण शून्यावर आणलं की हमिंग जातं, मग मुख्य फिल्टरवर संशय धरायचं कारण तरी काय? जीझेड३४ रेक्टिफायर असेल तर पहिल्या जागी टाकलेला १०० मायक्रोफॅरड लगेच काढा, त्या व्हॉल्व्हची मर्यादा ६० आहे. काढण्याआधी कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, बंद केल्यावरही त्यात चारशेच्या आसपास व्होल्ट थांबून राहतात.

तुमच्या 'स्प्रिंग कशाला, डिजिटल पेडल घ्या' या सल्ल्याला उत्तर देत नाही. घ्या. मला खोक्याला धक्का लागल्यावर येणारा तो खण्णकन आवाज आवडतो, बस.

पिन लावून, लॅपटॉप काढून, शॉर्टिंग प्लग घालून काय ऐकू आलं ते लिहा. आणि टँकवरचा नंबर.