'नातेवाईकांपेक्षा एआयला रुग्ण जास्त कळतो' म्हणे!

'बेशुद्ध रुग्णाला कोणते उपचार हवे असते, हे सांगताना नातेवाईक तिनातल्या एका वेळी चुकतात. एआय त्याचे जुने मेसेज वाचून अचूक सांगेल आणि घरच्यांचं ओझंही उतरेल,' असा मजकूर सध्या फिरतोय.

आकडा खरा आहे. २००६ साली १६ अभ्यासांचा आढावा निघाला, त्यात नातेवाईकांचा अंदाज ६८ टक्के वेळा बरोबर ठरला. पण मोजलं काय? शुद्धीतल्या माणसाला 'समजा असं झालं तर?' असं विचारायचं आणि त्याचं उत्तर घरच्यांनी ओळखायचं. एआयचीही परीक्षा याच पेपरवर होणार. त्यात पहिला नंबर आला, तरी आयसीयूतला प्रश्न 'समजा'चा नसतो.

आता मेसेज. कुणाला तरी हॉस्पिटलात बघून आल्यावर 'मला असं नळ्या लावून ठेवू नका रे' हे कोण लिहीत नाही? पण ते लिहिणारा तेव्हा धडधाकट असतो. डायलिसिसवरचं जगणं निरोगी माणसाला जितकं भयंकर वाटतं, तितकं ते जगणाऱ्याला सहसा वाटत नाही.

त्याच डायलिसिसवरच्या १५० रुग्णांना १९९२च्या एका अभ्यासात विचारलं होतं: पुढे स्मृतिभ्रंश झाला, तर तुम्ही आधी सांगून ठेवलेलं डॉक्टर-नातेवाईकांनी बाजूला सारलेलं चालेल का? ३९ टक्के म्हणाले, मुळीच नाही. ३१ टक्के म्हणाले, पूर्ण मोकळीक. बाकीचे अधेमधे. या ३१ टक्क्यांची इच्छा 'माझ्या माणसांनी ठरवावं' हीच होती. त्यांच्यापुढे अचूक अंदाज ठेवून कुणाची इच्छा पाळणार?

ओझ्याचं म्हणाल, तर ते खोटं नाही. असे निर्णय घेणाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश लोकांना त्याचा त्रास महिनोन्‌महिने होतो. पण समजा, गळ्याला छेद देऊन नळी बसवायच्या संमतीपत्रावर मुलगी सही करतेय आणि स्क्रीनवर येतं, 'नको: ७२ टक्के'. उरलेल्या २८ टक्क्यांचं काय करायचं, हे तिनेच ठरवायचं. त्यातून सही केलीच, तर 'यंत्र नको म्हणत होतं' हे आयुष्यभर सोबत.

'यंत्राला स्वार्थ नसतो', हेही असतंच त्या मजकुरात. विकत घेणाऱ्याला असतो. बिल भरणारी विमा कंपनीसुद्धा गिऱ्हाईक होऊ शकते.

जवळचं कुणीच सापडत नाही अशा रुग्णासाठी मात्र अंदाजाचा उपयोग आहे, ते मी मान्य करतो. आणि एआयला कामालाच लावायचं, तर जुन्या फायलींत पडून राहिलेलं लिव्हिंग विल, म्हणजे कोणते उपचार हवे-नकोत हे रुग्णाने आधीच लिहून ठेवलेलं पत्र, शोधून वेळेत डॉक्टरांपुढे ठेवायला लावा.