स्वनिधीचा रकाना

मोहोळ तालुक्यातील आमच्या ग्रामपंचायतीचा वर्षभराच्या कारभाराचा अहवाल 1 मेच्या ग्रामसभेत वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी चुलतभावाने त्याची पाने मोबाइलवर टिपून मला इंग्लंडला पाठवली. छायाचित्रे तिरकी होती, एका पानावर चहाच्या कपाचा गोल उमटलेला होता, पण मजकूर वाचता येत होता. सिमेंटचे रस्ते, अंगणवाडीची दुरुस्ती, बंदिस्त गटार, स्मशानभूमीच्या वाटेवरचे दिवे. आणि अडचणींच्या सदरात, 2025 च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरात बुडालेली पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरची मोटर. अहवालावरून गावात जो वाद पेटला तो मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : या सरपंचांनी निधी जास्त आणला की आधीच्यांनी?

मला त्यातील ‘आणला’ हे क्रियापद खटकते. आमदार निधी किंवा जिल्हा नियोजनातील काम खटपट करून आणावे लागते, हे मान्य. परंतु अहवालातील मोठा आकडा केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा आहे. 2021 ते 2026 या काळासाठीच्या या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेली आणि 40 टक्के अबंधित होती, आणि गावाचा वाटा मुख्यतः लोकसंख्येवरून ठरत असे. सरपंच कोणीही असते तरी तो आलाच असता. जो आकडा खरोखर गावाच्या हातात आहे, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर यांतून जमणारा स्वनिधी, त्याला अहवालात शेवटच्या पानावर एक ओळ मिळाली होती. मागणीच्या निम्मीही वसुली झालेली नव्हती आणि त्यावर सभेत कोणी अवाक्षर काढले नाही.

मी राहतो त्या इंग्लंडमधील खेड्यातही वर्षातून एकदा अशी सभा भरते. 1 मार्च ते 1 जून या अवधीत ती घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. यंदा चर्चच्या सभागृहात आम्ही अकरा जण होतो, त्यांतले पाच तर गावपरिषदेचे (पॅरिश कौन्सिल) सदस्यच. एका वृद्ध गृहस्थांनी खेळाच्या मैदानावरील गवत कापण्याचा खर्च का वाढला यावर वीस मिनिटे घेतली. त्यांच्या हातात स्थानिक कराचे बिल होते. त्या बिलावर गावपरिषदेचा वाटा वेगळ्या ओळीत छापलेला असतो, त्यामुळे गवताचे पैसे आपल्या खिशातून गेले हे त्यांना पेनीपर्यंत ठाऊक होते. शिवाय हिशेबाची मूळ कागदपत्रे दरवर्षी कामकाजाचे 30 दिवस मतदारांना पाहण्यासाठी खुली ठेवावी लागतात.

म्हणून तिकडचे चांगले आणि आपले वाईट, असे मी म्हणणार नाही. तिथल्या गावपरिषदेकडे काम असते ते बाक, कुंपण, गवत आणि दफनभूमीचे. पाणी कंपनी देते, रस्ते आणि शाळा वरच्या संस्थांकडे असतात. आमच्या ग्रामपंचायतीला नळाच्या पाण्यापासून जन्म-मृत्यूच्या नोंदीपर्यंत सारे निभवायचे असते, तेही दोन गावांचा कार्यभार सांभाळणाऱ्या एकाच ग्रामसेवकाच्या जोरावर. (आता पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आहे, पारावर अजून ‘भाऊसाहेब’च म्हणतात.) पूर ओसरल्यावर चिखलातून मोटर बाहेर काढून चौथ्या दिवशी नळाला पाणी सोडणाऱ्या शिपायाला जे करावे लागले, तसा प्रसंग इंग्लंडमधील आमच्या परिषदेवर कधी आलेलाच नाही. अकरा जणांच्या सभेला लोकशाहीचा आदर्श मानण्याचेही कारण नाही. आमच्या ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही, ही आपल्याकडची पळवाट मात्र सर्वांनाच सोयीची झाली आहे.

स्वनिधीच्या त्या एका ओळीकडे मी पुन्हा येतो, कारण तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. नियमानुसार ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. उत्पन्नच आटले की हे टक्के कागदावर तंतोतंत पाळले जातात आणि हातात काही पडत नाही. वेशीजवळच्या मोठ्या वाड्याने घरपट्टी थकवली, तर तिचा पहिला फटका वस्तीवरच्या दिव्यांग माणसाला बसतो. निधी कोणी आणला यावर भांडणाऱ्या दोन्ही गटांत असे वाडे आहेत.

हे सारे मी चुलतभावाला फोनवर तावातावाने ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, “अण्णा, नमुना नऊमध्ये तुमच्याच घराची सहा वर्षांची बाकी दिसतीय.” नमुना नऊ म्हणजे करमागणीची नोंदवही. घर बंद आहे, नळ तोडलेला आहे, तेव्हा कर कशाचा, असे मी इतकी वर्षे गृहीत धरले होते, इंग्लंडमध्ये मात्र बिल येताच पैसे भरत होतो.

त्याने दुसऱ्या दिवशी रक्कम भरली आणि नमुना दहाची पावती पाठवली. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत घरनिहाय मागणी, वसुली आणि थकबाकी वाचून दाखवावी, असा अर्ज मी लिहून त्याच्याकडे दिला आहे. अर्जावर त्याची सही पुरेशी नाही, आणखी काही खातेदारांच्या सह्या आणा, असे त्याला कार्यालयात तोंडी सांगण्यात आले. आतापर्यंत चार मिळाल्या आहेत.