मजकूर दाखवून घेतला, तर ती मुलाखत कसली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. चार ओळींत उरकण्यासारखी ती नव्हती, म्हणून दोन दिवस घेतले आणि हे स्वतंत्र लिहितो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पत्रकार आणि लेखकांशी त्यांच्या कामाबद्दल मी ज्या मुलाखती घेतो, त्यांवर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, किल्लारीच्या भूकंपाचं वार्तांकन केलेल्या वार्ताहराची मुलाखत छापण्याआधी मी त्यांना दाखवली आणि त्यांनी त्यात काटछाट केली. 'ज्याची मुलाखत, त्याच्याच हातात कात्री, मग ही मुलाखत की जाहिरात?' हे तुमचे शब्द. दोन, इतक्या मुलाखती झाल्या, पण पैशाबद्दल एक प्रश्न नाही. आणि तीन, 'कशानं लिहिता, केव्हा लिहिता' असल्या प्रश्नांतून वाचकाच्या पदरात काय पडतं?

खाली तुम्ही फक्त 'निवृत्त मुद्रितशोधक' एवढंच लिहिलं आहे. म्हणजे छापील शब्दाकडे संशयानं बघण्यात तुमचा जन्म गेला. त्यामुळे उत्तर देताना मीही सांभाळून लिहितो.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो मला सगळ्यात जास्त लागला.

त्या वार्ताहरांना मी विचारलं होतं, 'तेव्हा कशानं लिहीत होतात?' प्रश्न साधाच, तुमच्या भाषेत फुटकळ. ते उठले, आतून एक शाळेची वही घेऊन आले आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. पहिली दोन-तीन पानं निळ्या शाईची, आणि त्यातलं निम्मं वाचता येत नव्हतं, शाई पाण्यानं पसरलेली. पुढची सगळी पानं शिसपेन्सिलीची, अक्षर न् अक्षर स्वच्छ. भूकंपानंतर त्या भागात पाऊस लागला होता. दगड-मातीची घरं कोसळून रस्त्यावर आलेली, डोक्यावर छप्पर कुठलंच नाही, उघड्यावर उभं राहून लिहायचं. पहिल्या दिवशीची शाई वाहून गेल्यावर त्यांनी एका पोराच्या दप्तरातली पेन्सिल मागून घेतली. त्यानंतर आजतागायत ते बाहेरच्या कामाला पेन नेत नाहीत. हे मला 'भूकंपाचा तुमच्यावर काय परिणाम झाला?' असं विचारून मिळालं असतं का? त्या प्रश्नाला माणूस भाषण करतो. पेनाचा प्रश्न विचारला की तो वही आणतो.

त्या वहीत काय होतं, तेही सांगतो, कारण मुलाखतीत मी ते दोन वाक्यांत गुंडाळलं आणि ती माझी चूक झाली. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. गावात गेल्यावर यांनी सगळ्यांसारखंच आधी विचारलं, 'किती गेले?' प्रत्येक जण वेगळा आकडा सांगायचा. खोटं कोणीच बोलत नव्हतं, पण कोणाला ठाऊकही नव्हतं. मग त्यांनी प्रश्न बदलला. गल्लीत उभं राहून प्रत्येक घराच्या ढिगाशी एकच विचारायचं, 'या घरात रात्री कोण कोण झोपलं होतं?' कोणी शेतावर होतं, कोणी परगावी गेलेलं, कोणी दवाखान्यात हलवलेलं. उरलेली नावं वहीत. संध्याकाळपर्यंत चार गल्ल्या झाल्या. बातमीत त्यांनी एकूण आकडा दिलाच नाही, 'चार गल्ल्यांत इतकी नावं, बाकी गाव मोजायचं आहे' असं लिहून दिलं. पत्रकारितेच्या वर्गात हे कोणी शिकवत असेल तर मला आनंद आहे. मी तरी हे पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं.

हे सांगायच्या आधी ते बराच वेळ गप्प बसले होते. रॉबर्ट कॅरो हा अमेरिकन चरित्रकार, मूळचा वर्तमानपत्राचा बातमीदार. समोरचा गप्प झाला की तो आपल्या वहीत 'एस यू' अशी दोन अक्षरं लिहितो, म्हणजे स्वतःलाच बजावतो की तोंड बंद ठेव. मी ते शिकायचा प्रयत्न करतो. अजून पुरतं जमत नाही, पण त्या दिवशी जमलं.

आता पहिला आक्षेप, मजकूर दाखवण्याचा. मंत्र्याची किंवा कारखान्याच्या चेअरमनची मुलाखत असेल, तर छापण्याआधी एक ओळही दाखवू नये, याबाबत तुमचं-माझं एकमत आहे. तो जे बोलला त्याला तो बांधील आहे. पण जो माणूस तीस वर्षांपूर्वी आपल्या हातांनी काय केलं ते आठवून सांगतो आहे, त्याच्याकडून मला कबुली नको आहे, तपशील हवा आहे. आणि आठवण सांगून सांगून गुळगुळीत होते.

याच मुलाखतीत घडलेलं सांगतो. बोलताना ते म्हणाले होते, 'उजाडायच्या आत मी गावात होतो.' टाइप केलेला मजकूर वाचल्यावर त्यांचा फोन आला. स्वतःचंच वाक्य कागदावर बघून त्यांना शंका आली, म्हणून जुनी डायरी काढली. पोचायला साडेदहा झाले होते. सकाळचा सगळा वेळ तालुक्याच्या बसस्टँडवर, नेमकं कुठं काय झालंय हे कळण्यात गेला होता. 'उजाडायच्या आत' काढा आणि 'साडेदहा' घाला, म्हणाले. मजकूर दाखवला नसता, तर एक शौर्याची गोष्ट छापली गेली असती आणि ती खोटी असती.

'पॅरिस रिव्ह्यू' या नियतकालिकानं 1953 साली पहिल्या अंकात ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराची मुलाखत घेतली, तेव्हापासून त्यांच्याकडे मुलाखतीचा मसुदा लेखकाला दाखवण्याची रीत आहे. जगभरात लेखनकलेवरच्या सगळ्यात भरवशाच्या मुलाखती म्हणून लोक त्याच मुलाखतींकडे जातात. तरी तिथेही शेवटचा शब्द लेखकाचा मानू नये, हेही खरं. 1958 साली तिथेच छापलेल्या मुलाखतीत अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेनं मुलाखतकार जॉर्ज प्लिंप्टनला सांगितलं, 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीचा शेवट मी 39 वेळा लिहिला. बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयात त्याची हस्तलिखितं आहेत. ती चाळून त्याच्या नातवानं 2012 मध्ये जी आवृत्ती काढली, तिच्यात 47 शेवट आहेत. म्हणून मुलाखतीच्या शेजारी कागद लागतो. डायरी, वही, कात्रण, खाडाखोड केलेली कॉपी, काहीतरी हवंच. यापुढे ज्याच्याकडे असा एकही कागद नाही, त्याची मुलाखत मी घाईनं छापणार नाही.

पण तुमच्या आक्षेपाचा एक भाग मला पूर्ण मान्य आहे. मजकूर दाखवला हे मी वाचकांना सांगितलं, काय काढलं ते सांगितलं नाही. काढलेली वाक्यं तीन होती. एकात एका घरातल्या माणसांची नावं होती. त्या घरातली वाचलेली मुलगी आज बाईमाणूस आहे, तिला विचारल्याशिवाय नावं नकोत, असं ते म्हणाले. बरोबर होतं. दुसरं वाक्य नुसतंच पुनरुक्तीचं. तिसरं मात्र डेस्कबद्दलचं, म्हणजे बातम्या तपासून मथळे देणाऱ्या कचेरीतल्या विभागाबद्दलचं होतं, आणि ते काढून टाकायला मी फार लवकर हो म्हणालो. त्यांचं कारण होतं की ज्या उपसंपादकाबद्दल ते आहे तो आता हयात नाही, उत्तर द्यायला येऊ शकत नाही. मला त्यांचा आदर वाटला आणि मी गप्प बसलो. आदरामुळे प्रश्न गिळणं हाच या कामातला मोठा धोका आहे. तुम्ही तो नेमका पकडलात.

पैशाचंही तसंच. खरं सांगायचं तर संकोच. घरी चहा पाजणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला 'तुम्हाला किती मिळायचे?' असं विचारायला जीभ वळत नाही. रेकॉर्डर बंद करून मी उंबऱ्यात चपला घालत होतो, तेव्हा ते आपण होऊन बोलले. मानधन नावापुरतं, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर, आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट ठरलेलं. हेच मला आधी तालुक्याच्या इतर वार्ताहरांनीही सांगितलं होतं, तेही रेकॉर्डर बंद असतानाच. ज्या पतसंस्थेकडून पुरवणीला अर्धं पान घ्यायचं, तिच्याच ठेवीदारांचा मोर्चा पुढच्या महिन्यात निघाला तर बातमी किती कॉलम करायची? वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात ज्यांनी दिली, त्यांच्या नावापुढे 'आरोप' हा शब्द लिहिताना हात किती वेळ थांबतो? मी पैशाचा प्रश्न खाजगी समजत होतो. तो लिहिण्याचाच प्रश्न आहे, आणि पुढच्या मुलाखतीपासून तो रेकॉर्डर चालू असतानाच विचारला जाईल.

तुमची प्रतिक्रिया मी काल त्यांना फोनवर वाचून दाखवली. ते जरा थांबले, मग म्हणाले, 'नाव घालू नका, पेपरचंही नको, पण गोष्ट घाला. ते गृहस्थ बरोबर बोलतायत.' त्यांना टीपही वाचून दाखवली आहे. आज सकाळी ती मुलाखतीच्या खाली जोडली:

'ही मुलाखत छापण्यापूर्वी मुलाखत देणाऱ्यांना दाखवली होती. गावात पोचण्याची वेळ त्यांनी डायरी पाहून दुरुस्त केली. तीन वाक्यं त्यांच्या विनंतीवरून वगळली. त्यांतल्या एकाचा आशय त्यांच्या संमतीनं इथे देत आहे: त्यांनी पहिल्या दिवशी चार गल्ल्यांतली नावं मोजून पाठवली होती आणि एकूण आकडा दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावानं आलेल्या बातमीच्या मथळ्यात एकूण आकडा होता.'