बोटीत बसलो म्हणून धाव तुटली? एका प्रतिक्रियेला उत्तर

कोकण किनाऱ्यावरून रेवस ते रेडी धावत जाण्याबद्दलच्या माझ्या लेखमालेवर ‘एक धावपटू’ या नावाने आलेल्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणार होतो. पण ती आमच्या पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या ग्रुपवर कालपासून फिरते आहे आणि सकाळी टेकडीवर भेटणारी मंडळी मलाच जाब विचारू लागली आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं मुख्य वाक्य असं: “खाडी आली की बोटीत बसायचं आणि पलीकडे उतरून पुन्हा धावायला लागायचं, याला सलग किनारा धावणं म्हणत नाहीत, ही पुणेरी हौस झाली.” शिवाय फोटो फार आहेत, खर्चाचा हिशेब नाही, ७२० किलोमीटर पूर्ण झालेले नाहीत आणि फेब्रुवारीत असला उद्योग करणं वेडेपणा आहे, असंही तुम्ही म्हणता.

आधी भाषेबद्दल. मुद्दा मांडायला ‘हौस’, ‘उद्योग’, ‘पुणेरी’ असे शब्द लागत नाहीत. मी इतकी वर्षं धावतोय, आजवर कुणाच्या धावण्याला नावं ठेवलेली नाहीत. सिंहगडावर धापा टाकत थांबलेल्या अनोळखी माणसाला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलंय. गुडघ्याच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी धावणं विसरा म्हणून सांगितलं होतं. तिथून पर्वतीच्या पायऱ्या एकेक करत चढून मी पुन्हा उभा राहिलो. त्या सगळ्याला हौस म्हणायचं आणि खाली स्वतःचं नावही लिहायचं नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही.

फेब्रुवारीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. डिसेंबर जास्त बरा. सकाळी दहानंतर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, औषधालाही सावली नसते, वरून ऊन आणि खालून कातळ भाजतो. ज्यांना जायचंय त्यांनी तुमचा हा सल्ला जरूर ऐकावा.

आता बोट. दाभोळच्या जेटीवर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं. मध्ये वाशिष्ठीचं मुख. पूल नाही. बोट नको असेल तर दापोलीहून खेड, खेडहून हायवेने चिपळूण आणि तिथून पुन्हा पश्चिमेला गुहागर. या अख्ख्या फेऱ्यात गुहागर येईपर्यंत समुद्राचं दर्शन नाही. बाणकोटच्या खाडीवर बागमांडला आणि वेश्वी समोरासमोर आहेत, पण रस्त्यानेच जायचं म्हटलं तर आत आंबेतचा पूल गाठावा लागतो. आगरदांडा-दिघी, तवसाळ-जयगड, सगळीकडे हीच कथा. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून रेवस-रेडी सागरी मार्गाचं बोलणं चाललंय, म्हणजे १९८० पासून, आणि मोठ्या खाड्यांवरचे पूल अजून व्हायचेच आहेत. तुमच्या नियमाने गेलो असतो तर निम्मा वेळ ट्रकच्या धुरात गेला असता. त्याला तुम्ही किनारा म्हणणार होतात का?

बरं, ही पद्धत काही मी काढलेली नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला साउथ वेस्ट कोस्ट पाथ आहे, माइनहेडपासून पूल हार्बरपर्यंत ६३० मैल. तस्करांवर नजर ठेवणाऱ्या तटरक्षकांच्या पायवाटांमधून ती घडली. तिच्या अधिकृत मार्गातच बोटी आहेत: फोवीला, सॅलकमला, डार्टमथला. अर्म नदीवर तर बोटही नाही. ओहोटीच्या आधी-नंतर साधारण तासभर पाणी उतरतं, तेवढ्यात चालत पार व्हायचं, नाहीतर आतून लांबचा वळसा. ती वाट पुरी करणाऱ्याला बोटीत बसलास म्हणून कुणी खोटं पाडत नाही.

आणि कोकण मला कुणी शिकवू नये. माझं आजोळ हेदवीकडचं. आजी माहेरी जायची ती होडीतूनच. आजोबा डोक्यावर बोचकं घेऊन गुडघाभर पाण्यातून होडीत चढायचे, हे मी लहानपणी पाहिलंय. खाडी ही तिथल्या वाटेचाच भाग असते.

बोटीत विश्रांती मिळते असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा करून पाहा. फेरीबोट लागेपर्यंत जेटीवर उभं राहून पोटऱ्या आखडतात. बुटातली वाळू काढायला मोजा उतरवला की टाचेवरच्या फोडाचं कातडं मोज्याबरोबर निघून येतं. तसाच तो पुन्हा चढवायचा. मग पलीकडे फळी पडली की मोटारसायकलींच्या गर्दीतून उतरायचं आणि थंड पडलेल्या पायांनी पुन्हा धावायला लागायचं. पहिला अर्धा तास फार वाईट जातो. बोट नसती तर बरं, असं मला प्रत्येक खाडीवर वाटलं.

खरं तर तुम्ही भरती-ओहोटीबद्दल विचारायला हवं होतं, सगळी मेख तिथेच आहे. पुळणीला, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याला, समुद्राकडे उतार असतो. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे उजवं पाऊल सतत खालच्या अंगाला पडतं आणि दोन-तीन दिवसांत उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. त्यावर उपाय एकच, ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट, सपाट वाळू धरणं. पण ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी सातला असली तर उद्या आठला दहा मिनिटं कमी. त्यामुळे पुण्यातल्यासारखा पहाटे पाचचा गजर लावून चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप खाली जातं, गुहागरचा किनारा तेव्हा मैदानासारखा मोकळा होतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, मात्र अरुंद पट्टीच मिळते आणि पाय भुसभुशीत वाळूत रुतत राहतात. त्यातून दिवसाचं गणित बसवायचं आणि शेवटची बोटही गाठायची. याला हौस म्हणू नका.

७२० किलोमीटर हा आकडा दमणगंगेपासून तेरेखोलपर्यंतच्या अख्ख्या किनाऱ्याचा आहे. मी पहिल्या भागापासून रेवस ते रेडी असंच लिहितोय. फोटो नको असतील तर पाहू नका. खर्चाचं इथे लिहिणार नाही, तो माझा खासगी प्रश्न आहे.

तुम्ही कुठला किनारा सलग धावलात ते नावासकट लिहा, मी मनापासून वाचेन. पुढचा भाग वेळणेश्वर ते जयगड असा आहे. त्यातही तवसाळची बोट आहे, आणि ती मी गाळणार नाही.